नानेटी आणि पहिलं शील

बाबा,

आज सकाळी अंगणातल्या नळाखाली नानेटी दिसली. हातभर लांब, करंगळीएवढी जाड, पाठीवर थेट शेपटीपर्यंत दोन पिवळे पट्टे. नात किंचाळत घरात पळाली आणि काठी घेऊन आली. मी म्हटलं, "राहू दे, हिला विष नसतं. बेडूक शोधत आली असेल." तेवढ्यावर आजी किती धीट म्हणून घरभर माझं कौतुक झालं. ते कौतुक मला पचेना, कारण सापाला मी लहानपणीही भीत नव्हते आणि माझी खरी अडचण तीच आहे. भीतीपोटी मारलं असतं, तर तुम्हाला सांगायला निदान तोंड तरी असतं.

तेव्हा आपलं घर नंदनवन वस्तीच्या पार कडेला होतं, मागे सगळी मोकळी जमीन. मिलमध्ये दुसरी पाळी असली की तुम्ही सकाळी मागच्या वाफ्यात उतरायचात. खोदण्याआधी फावड्याच्या दांड्यानं जमीन तीनदा ठोकायची आणि थोडं थांबायचं, ही तुमची रीत. आई हसायची, "दार वाजवून राहिले का जी?" तुम्ही म्हणायचात, "त्याइचंबी घर हाय. ज्याले जायचं त्याले वाट भेटली पाह्यजे." एकदा एक नानेटी तुम्ही माझ्या तळहातावर ठेवली होती. गार, मऊ. "डसत नाही वं. हे देव नाही, अन् दुश्मनबी नाही. जीव हाय, बस." दीक्षा घेतल्यावर आपल्या घरातले जुने देव गेले, सणही गेले. त्यांच्या जागी रोज सकाळी मेणबत्ती लावून म्हणायचं पंचशील आलं. जीवहत्या करणार नाही हे पहिलं. खोटं बोलणार नाही हे चौथं. मी दहा वर्षांची होते आणि पाचही मला तोंडपाठ होती. कळलेलं मात्र एकही नव्हतं.

त्या वर्षी नागपंचमीला तुम्ही सकाळी अर्धा वाफा खोदला आणि कामावर गेलात. दुपारी शेजारची मैत्रीण आली. त्यांच्याकडे भिंतीवर कोळशानं नाग काढले होते, चुलीवर तवा ठेवला नव्हता. उकरलेली माती पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. "आज काहून खोदलं वं? नाग कापला जाते न!" मी तोऱ्यात म्हटलं, "आमच्यात नाही पाळत." ती खरंच विचारात पडली. "मंग तुमच्यात साप मारते का?" याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं, बाबा. मला वाटलं, देव राहिला नाही म्हणजे मारायची मोकळीक. तेवढ्यात ढेकळांतून नानेटी निघाली. मैत्रिणीनं हात जोडले आणि मला कसला चेव चढला कोण जाणे. मी फावडं उचललं. "पाह्य, काही होत नाही!" दोन तुकडे झाले आणि दोन्ही वळवळत राहिले. ती रडत घरी पळाली. बोललं तर आपल्यालाही पाप लागेल या धास्तीनं तिनं कुठं चकार शब्द काढला नाही. मी वर माती लोटली आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उरलेला वाफा खोदायला घेतला, तेव्हा ते तुकडे वर आले. मी तांब्या घेऊन तिथेच उभी आहे. तुम्ही फावडं खाली ठेवता, मातीत बसता. "कालच्या खोदण्यात गेली असन. ठोकलं नसन मी नीट." आई म्हणते, "चुकून झालं जी, जाऊ द्या." तुम्ही मान हलवता. "घाई केली म्या. पाळीची घाई." मी पाण्याचा तांब्या पुढे करते. एवढंच करते.

त्यानंतर सकाळी हात जोडले की पहिल्या ओळीला तुम्ही गप्प राहू लागलात. आईनं विचारलं तर म्हणालात, "म्या जीव घेतला. मले ते म्हणाचा हक नाही." जाणून मारलं नाही तर दोष लागत नाही, असं तिनं किती समजावलं. तुम्ही ऐकलं नाही. तुमचा आवाज दुसऱ्या ओळीपासून लागायचा. पहिली ओळ आई म्हणायची आणि मी म्हणायची. चौथीही म्हणायची. तुम्ही कधी माझ्यावर हात उगारला नाही, त्यामुळे माराला भिऊन गप्प बसले असंही म्हणता येत नाही. तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. पुढे वर्षं गेली तसं, इतके दिवस काहून नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

मग धंतोलीतला तो दवाखाना. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते. दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला सांगत होते. तुम्ही खुणेनं पंचशील म्हणायला सांगितलंत. आईनं सुरू केलं. पहिल्या ओळीला तुमचे ओठ मिटलेले होते, दुसरीला हलले. मी पायाशी उभी होते. वाकून तुमच्या कानात एक वाक्य सांगायचं होतं, तेवढ्यानं तुमची ओळ तुम्हाला परत मिळाली असती. मी तुमच्या पायावरची चादर सारखी केली. तुम्ही त्याच संध्याकाळी गेलात, बाबा, माझा गुन्हा आपला समजून.

पोस्टात टाकता येत नाही, म्हणूनच हे लिहायला धजले. आज नानेटी कुंपणाकडे निघून गेल्यावर नात आणि मी मेणबत्ती लावून उभ्या राहिलो. पहिल्या ओळीला माझ्या तोंडून शब्द निघेना. सगळं म्हणून झाल्यावर नातीनं विचारलं, "आजी, पहिली काहून नाही म्हटली?"

मी तिला म्हटलं, घसा धरलाय. आणि चौथी ओळ तर मी तिच्याबरोबर नुकतीच खणखणीत म्हटली होती.