रॅकमधला स्क्रू

सुगत,

तू झोपून राहिला होता, म्हणून उठवलं नाही. मी आईले आणाले मामाकडे नरखेडले चालली. भात कुकरमध्ये आहे, वरण गरम करून घेजो.

साउंडच्या रॅकचा फॉल्ट सापडला. करंट गळला की लाइन तोडणारा तो नवा ट्रिप स्विच चांगला आहे, तू उगाच त्याले शिव्या देऊन राहिला होता. मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, सगळ्यांचे प्लग काढले तरी तो पडला. म्हणजे दोष रॅकच्याच वायरिंगमध्ये. मागची पट्टी उघडली तर चाकाचा लांब स्क्रू फेजच्या वायरमध्ये घुसलेला. सगळा करंट लोखंडी बॉडीत येऊन राहिला होता.

चाकं बाबांनीच लावली होती. सक्करदऱ्याच्या कार्यक्रमात त्यांनी माईक हातात घेतला आणि शॉक लागून गेले, तेव्हाही तो स्क्रू तिथंच होता. तेव्हा ट्रिप स्विच नव्हता आणि अर्थिंगची पिन कापलेली होती, म्हणून बॉडीतला करंट माईकपर्यंत आला.

आईले हे सांगू नको. माईक खराब होता असं तिले वाटते, वाटू दे.

वायर बदलली, स्क्रू छोटा लावला. आता स्विच पडत नाही. संध्याकाळी मनीषनगरले रॅक नेजो. अर्थिंगची नवी पिन मात्र कापू नको, कोणी कितीही सांगो. स्पीकरमधून घूं आवाज येईल, गाणारे तोंड वाकडं करतील. करू दे. बाबांनी त्या आवाजापायीच पिन कापली होती.

आवाज मध्येच एकदम थांबला, म्हणजे स्विच पडला, तर आधी माईक खाली ठेव. मग मले फोन कर.

माया