साडेसातचा मेसेज

शनिवार, ४ मे

सगळं गेलं. सदतीसच्या सदतीस!

दुपारी एकला लॅबच्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड संपलं, हिरवी खूण आली, मी खुशीत आपोआप होणाऱ्या कामांचं पान उघडलं — तर कोरं. मधोमध एक ओळ: ‘तुमचं पहिलं काम तयार करा.’ पहिलं म्हणे! तीन वर्षं खपून एकेक बसवलं होतं. रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की पेशंटला मेसेज. साखर भलतीच वर असली की त्याच्या डॉक्टरांना लगेच निरोप. उपाशीपोटी यायचंय त्यांना आदल्या संध्याकाळी आठवण. लॅबमध्ये हे सगळं आपोआप चालायचं, इतकं की ते कुणीतरी चालवतंय हेच लोक विसरले होते.

“बॅकअप आहे ना?” — डॉक्टर मॅडम. आहे म्हटलं, तेही ऐटीत. रोज दुपारी दोनला होतो. जागा वाचावी म्हणून एकच ठेवते, जुन्यावर नवा. मग घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. कोऱ्या पानाचा बॅकअप व्यवस्थित घेऊन झाला होता.

घरी येताना बसमध्ये आठवलं. सदतिसावं काम लॅबचं नव्हतंच. ते अप्पांचं.

रविवार, ५ मे

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

अप्पांच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं — रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकता कामा नये. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. अप्पांचं सगळं लक्ष तिच्यात, स्वतःची शुद्ध नाही. मी इथे, ते तिथे, मध्ये चार तासांची बस. पहिला आठवडा मी स्वतः मेसेज केले. मग दोनदा विसरले, घाबरले, आणि तेही काम लॅबच्या सॉफ्टवेअरला लावून दिलं. मला हे सगळं शिकवणारे आमचे जुने साहेब म्हणाले, “लाव की, कुणाचं काय जातंय.”

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला, माझ्या नंबरावरून: ‘अप्पा, गोळी घेतलीत ना? काळजी घ्या.’ त्यांचं उत्तर: ‘घेतली. तू जेवून जा.’ आई गेल्यावरही एक दिवस चुकला नाही. माझी लेक रोज न चुकता विचारते, असं ते शेजारीपाजारी सांगत फिरतात. ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज हाताने पाठवला. आठवण झाली पावणेदहाला! उत्तर आलं: ‘आज उशीर?’

सोमवार, ६ मे

दिवसभर फोन. एकशे बारा पेशंटना एकेक करून सांगितलं, रिपोर्ट तयार आहे, या. काउंटरवालीचा घसा बसला, तिचे उरलेले फोनही मीच केले. एक आजोबा जेवून आले उपाशीपोटीच्या तपासणीला. “मेसेज नाही आला, म्हटलं रद्द झालं असेल.” त्यांना परत पाठवलं. ते निमूट गेले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसाला मी टिकिटवाला म्हणते. काहीही विचारा, “तुमचं टिकीट घेतलंय मॅडम.” म्हणजे तक्रार नोंदवली, पण म्हणणार लॉटरीचं असल्यासारखं. कधी होईल? “बघतोय आम्ही.” नवीन बसवू का सगळं? “नका हात लावू, आहे तेही जाईल.” म्हणजे बसा.

मंगळवार, ७ मे

आज अप्पांना मेसेज करायचा विसरले. लिहिताना कळलं, कालही केला नव्हता. चार शब्द! यंत्राला जमत होते.

बुधवार, ८ मे

साडेअकराला मान वर केली तर काउंटरपाशी अप्पा. हातात पिशवी, शर्ट घामाने ओला.

“दोन दिवस मेसेज नाही. फोन करावा तर लागत नाही. म्हटलं, बघून यावं.”

फोन कुठून लागणार, मी पेशंटशीच बोलत होते. त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. पिशवीतून गोळ्यांची डबी निघाली — वारांचे सात कप्पे. सोमवार भरलेला. मंगळवार भरलेला. आजचाही! आजची तिथेच घ्यायला लावली. अप्पा, का नाही घेतल्या? तर खाली बघत म्हणाले, “राहून गेलं.” हिशेबी, नेमका माणूस. जन्मात कधी काही राहून गेलं नाही त्यांचं.

ओरडायला तोंड कुठे होतं मला. मॅडमनी त्यांना तपासलं. सध्या ठीक आहे, पण पुन्हा असं नको, म्हणाल्या. घरी घेऊन आले.

गुरुवार, ९ मे

टिकिटवाल्याला सापडलं! आणि चूक माझीच निघाली.

सगळी कामं जुन्या साहेबांच्या खात्यात बनवलेली. अपग्रेडआधीच्या यादीत होतं, निवृत्त लोकांची खाती काढून टाका. गेल्या शुक्रवारी साहेबांचं मीच काढलं, चांगलं झाडून-पुसून. खातं नाही म्हणून नव्या सॉफ्टवेअरने त्यातली कामं लपवली. पुसलेली नाहीत. “रात्रीतून खातं परत उघडतो. सकाळी सगळं जसंच्या तसं सुरू.”

सगळे टाळ्या वाजवत होते, मी मात्र वाजवता वाजवता थांबले. जसंच्या तसं — म्हणजे साडेसातचंही. आणि अप्पा माझ्या घरात, माझ्यासमोर!

एक तेवढं बंद ठेवता येईल का? “सगळं एकदमच येईल मॅडम.” मला बंद करायचं तर लॅबच्या कॉम्प्युटरवरूनच, आणि लॅब उघडते आठला.

जेवताना सांगून टाकायचं ठरवलं होतं. “अप्पा,” म्हटलं. त्यांनी वर बघितलं. “भाजी वाढू?” म्हटलं.

शुक्रवार, १० मे

साडेसात. मी भांडी घासत होते, दोन्ही हात साबणात. फोन माझा आतल्या खोलीत. त्यांच्या खिशात वाजलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. डबी उघडून गोळी घेतली. मग एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं, आणि आत माझा फोन वाजला. न बघताही माहीत होतं — ‘घेतली. तू जेवून जा.’

मला रडूच फुटलं. तर म्हणाले, “अगं, तुझी आई गेली त्या सकाळी तू माझा हात धरून बसली होतीस. तेव्हाही साडेसातला तुझा मेसेज आला होता. तेव्हापासून ठाऊक आहे मला.”

मग धावत का आलात?

“तू तो बंद केलास की काय, ते बघायला.”