पाकळीचा ल, देठाचा श

सोमवार, १२ फेब्रुवारी
अनुक्रमणिका परत आली! एकशे चाळीस पानं पास, आणि हे एकच नापास.

कडेगावचे सुभेदार आकाराम स्वतः घेऊन आले सांगलीला, काठी टेकत, लंगडत. फौजेतल्या दिवसांवर पुस्तक लिहिलंय त्यांनी, अक्षरजुळणी माझी. "पोरी, ही यादी आमच्या मंडळींला वाचता येत न्हाई."

मंडळी म्हणजे रंगूबाई. वय अडुसष्ट. गेल्या वर्षी नातीच्या अंकलिपीवरून वाचायला शिकल्या. तोवर नवऱ्याची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा!

"आतलं मी वाचून दावीन. पर यादी तिची तिनं वाचायची."

ते गेल्यावर नेमिनाथकाका हसले. दुकान त्यांचं, त्यांना घाई. "अनुक्रमणिका कोण वाचतं गं, ब्राह्मी? जरा मोठी कर आणि दे."

मंगळवार, १३ फेब्रुवारी
मोठी केली. फोटो पाठवला. रंगूबाईंचा निरोप — "मोठं दिसतंय, पर वळखू येत न्हाई."

गुरुवार, १५ फेब्रुवारी
दुपारी वीज गेली. पंखा थांबला. खिडकीशी डोळे मिटून बसले तर अक्षरं आली — पाण्यावर पानं यावीत तशी, एकेक, हलत. ग आला, त आला. घाटावर पाय सोडून बसलेय आणि ती माझ्या घोट्यांना लागून पुढे जातायत, असं वाटत होतं. मग ल आला, आणि मी दचकले. तो शाळेतला नव्हता!

शाळेत आम्हाला पाकळीचा ल शिकवला, देठाचा श. आणि मी लावलेला फॉन्ट हिंदी वळणाचा, त्यात ल दांडीचा, श गाठीचा. आम्ही रोज वाचणारे, आमची नजर सरकून जाते. अंकलिपीवरून शिकलेल्या बाईनं काय करायचं?

वीज आल्यावर फॉन्टची भाषा हिंदीवरून मराठी केली. ल जागच्या जागी फिरला. श सुद्धा! कळी उमलताना बघावी तशी बघत राहिले. काकांना हाक मारली तर म्हणाले, "चहा सांग."

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
बारीक रेषेचे सगळे फॉन्ट बाद. ओळींमध्ये मोकळी जागा सोडली. उद्या तीन नमुने घेऊन स्वतःच जाते. काका — "एका पानासाठी एसटीनं?" हो!

शनिवार, १७ फेब्रुवारी
एसटीत डुलकी लागली. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे, पांढरे, हलणारे. रस्ता जमिनीवरून चाललाय की ढगातून, कळेना.

रंगूबाईंनी अंगणात पाट दिला. दोन नमुने बाजूला सारले. तिसऱ्यावर बोट ठेवलं — गोल, ठसठशीत अक्षर. "ह्यो माझा ल!" लहान मुलीसारख्या हसल्या.

बोट खाली खाली. "शि-पा-ई झा-लो. प-हि-ली र-जा. ले-ह-चा ब-र्फ." मी श्वास धरून. सुभेदार खांबाला टेकून, काठीवर दोन्ही हात.

सातवी ओळ. "गो-ळी ला-ग-ली..." बोट थांबलं. परत वाचली. मग नवऱ्याकडे बघितलं. "कुनाला?"

सुभेदारांनी स्वतःकडे बोट केलं.

"तुमी तर जीप उलटली म्हनला हुता. पत्रात तसंच हुतं."

"पत्र पोस्टमन वाचायचा, रंगू. त्येच्या तोंडनं कसं सांगू? आनि मागनं सांगायचं धाडस झालं न्हाई. सदतीस वर्सं."

म्हणून यादी तिनं वाचायची होती! रंगूबाई उठल्या, त्यांच्या लंगड्या पायाजवळ बसल्या, धोतरावरूनच मांडीवर हात ठेवला. "हितं?" ते म्हणाले, "जरा वर." बस्स. मी चपला हातात घेऊन फाटकाबाहेर आले.

रविवार, १८ फेब्रुवारी
दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी
काका म्हणतात उद्या छपाईला द्यायचंच. हो म्हटलं.

मंगळवार, २० फेब्रुवारी
सकाळी रंगूबाईंचा फोन. एकट्या होत्या. "छापलं का? थांबीव. सातव्याच्या फुडं एक धडा घाल. मी सांगते, तू लिव्ह." मी वही ओढली. "त्येच साली माहेरी, फलटनला, मला सातव्या म्हैन्यात लेक झाली. तीन दिस जगली. दिवस गेल्यालं बी पोस्टमनकडनं कसं लिवून घ्यायचं म्हनून ह्यास्नी कळवायचं ऱ्हायलं हुतं. माझ्या आईबिगार कुनालाच ठावं न्हाई. धड्याला तिचंच नाव दे, राजेश्वरी. ह्यास्नी काय बोलू नगंस — त्येंचं त्येंनी वाचू दे."