चार ते साडेचारची पाळी

४ जुलै, शुक्रवार

आजही फोनवरचं चक्र नुसतं गोल फिरत राहिलं. चार वाजता दादाला गोठ्यात खुर्चीवर बसवलं, फोन खिडकीच्या गजाला बांधला. अख्ख्या घरात रेंज येते ती या एका खिडकीत. कोल्हापुरातून दादाला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या प्राचीमॅडमचा चेहरा आला, ओठ अर्धे उघडले आणि तसेच थांबले. आवाज तुकड्यातुकड्यांत. "काका, म्हणा... पा... ला..." काय म्हणायचं ते मलाही कळलं नाही, दादालाही.

दादा म्हणाला, "व्हय."

पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि एवढा एकच शब्द मागं ठेवून गेला. चहा हवाय? व्हय. नकोय? व्हय. डोळे मात्र काही वेगळंच सांगत असतात. मॅडम म्हणतात, शब्द आत आहेत, त्यांना वाट सापडत नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यातले निम्मे गेले.

कोल्हापूरची, शाहूपुरीतली खोली बंद करून मी इथं आले ती वहिनीला हातभार लावायला. वर्तमानपत्राचं सदर काय, कुठूनही लिहिता येतं, असा माझा समज! लिहिता येतं. पाठवता येत नाही.

६ जुलै, रविवार

सदर छापून आलं. फोटोंच्या जागी पंख्यांची जाहिरात — या पावसात! पुरवणी बघणाऱ्या राजवर्धनचा फोन. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा, म्हणून अवघडून बोलतो. "मॅडम, मजकुराचं काही म्हणणं नाही हो. पण फोटो पोचायला हवेत. वरून विचारतात."

वरून मीही कधी काळी विचारत होते.

८ जुलै, मंगळवार

मॅडमनी पडद्यावर म्हशीचं चित्र धरलं. "काका, हे काय आहे?" तेवढ्यात मागं आमची म्हैस हंबरली. मॅडम हसल्या, वहिनी हसली, दादाच्याही ओठाचा एक कोपरा हलला. आणि चित्र थिजलं. पुन्हा लागलं ते पंधरा मिनिटांनी, वेळ संपता संपता.

मॅडमनी मग मला एकटीला फोन केला. "असं तुटक झालं तर उपयोग नाही. काका चिडतात, प्रयत्न सोडून देतात. एकतर इकडं आणून ठेवा, नाहीतर दोनेक आठवड्यांत काहीतरी सोय बघा. माझ्याकडं पेशंट थांबलेत."

तिकडं न्यायचं कसं? गगनबावड्याच्या रस्त्यावर तीन ठिकाणी पाणी. गाडीत बसवलं की दादा दार धरून ठेवतो, सोडतच नाही. वहिनीला सांगितलं, तर ती वैरण टाकता टाकता म्हणाली, "वन्सं, त्यास्नी गावातनं हलवू नगा. आहे तेवढं बी जाईल."

९ जुलै, बुधवार

दूध घालायला डेअरीत गेले. तिथला सचिव जोतीराम. त्याच्यापुढं माझं रडगाणं गायलं. तो फॅट बघता बघता म्हणाला, "आक्का, नेट काय न् पाणी काय, एकच की! वरच्यांनी व्हॉल्व्ह बंद केला तर खालच्याला पाणी. आण्णांनीच शिकवलंय आमास्नी. त्यांची पाळी लावू या."

मी हसले. तो हसला नाही.

पाणीपुरवठा संस्थेत दादानं, म्हणजे गावाच्या आण्णांनी, जन्मभर पाण्याच्या पाळ्या लावल्या. नदीवरची मोटर एक, शेतं शंभर. कुणाला कधी पाणी, ते दादाच्या शब्दावर. एका उन्हाळ्यात आमच्या वडिलांनीच पाळी मोडून पाणी घेतलं, तर त्यानं बापाचा व्हॉल्व्ह बंद केला! वडील आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. गाव अजून सांगतं.

१० जुलै, गुरुवार

डेअरीच्या भोंग्यावरून जोतीराम: "उद्या चार ते साडेचार कृष्णातआण्णांची पाळी हाय. समद्यांनी डाटा बंद ठिवायचा. चोरून चालू केला तर दूध घ्याचं न्हाय!"

रात्री शेजारची चिमणाबाई फोन घेऊन दारात. "माझी मालिका चारलाच आस्ती बग. पर माज्या भाताचं पाणी कृष्णातानं कधी चुकिवलं न्हाय. बंद करून दे बाई, मला येत न्हाय."

११ जुलै, शुक्रवार

पाळी कशी चालते ते बघायला अर्धं गाव गोठ्यात! जसे पूर्वी मोटरघरावर जमत तसे. म्हशी बिथरल्या. दादा घामाघूम. चित्र नेहमीपेक्षाही वाईट. चौकशीअंती निघालं — गल्लीतला अमरसिंह दारात उभा राहून शूटिंग काढत होता आणि ते जागच्या जागी स्टेटसला चढवत होता, "आण्णांची पाळी" म्हणून.

जोतीराम ओरडला, "आरं बैला, त्याच्यासाठीच बंद करायचं हुतं न्हवं!"

"मला वाटलं रील बंद. स्टेटस चालतंय की."

मी सगळ्यांना चहा केला. दुसरं काय करणार.

सदर उशिरा गेलं. फोटो नाहीतच.

१२ जुलै, शनिवार

पाऊस. कंटाळा.

१५ जुलै, मंगळवार

आज कुणी आलं नाही. चार वाजता गल्ली अशी गप्प झाली की जणू कुणी गेलंय. आणि प्राचीमॅडम पडद्यावर — स्वच्छ! कपाळावरची टिकली दिसत होती. अर्धा तास एकदाही अडकलं नाही. त्यांच्या ओठांकडं बघून दादानं जीभ वळवायचा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताणल्या. वहिनी दाराआड.

शेवटी आलं ते "व्हय"च. पण मॅडम म्हणाल्या, "आज काका माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदाच!"

साडेचारला भोंगा: "पाळी संपली." लगेच चिमणाबाईच्या घरातून मालिकेचं गाणं.

१७ जुलै, गुरुवार

राजवर्धनचा निरोप आला. मजकूर पोचला. फोटो उद्या सहापर्यंत आले नाहीत तर सदराची जागा कायमची दुसऱ्याला द्यायचं वरून ठरलंय. "सॉरी मॅडम" तीनदा.

दिवसभर फोटो चढवत बसले. पाव भाग जातो आणि परत पहिल्यापासून. इथं येईपर्यंत एकतीस वर्षांत माझी वेळ चुकली नव्हती. आई गेली त्या दिवशीसुद्धा मजकूर देऊन मग स्टँडवर गेले होते. हे मोठेपणानं लिहीत नाही. दुसरं काही येतच नव्हतं, म्हणून.

१८ जुलै, शुक्रवार, दुपार

सकाळी गेले नाहीत. आता जेवणानंतरही नाही. रेंजसाठी अमरसिंहच्या गाडीवर बसून फाट्यापर्यंत जावं म्हटलं, तर फाट्यावर पाणी चढलंय. पाचपासून डेअरीचं मशीन सुरू होतं, गाव जागं होतं, मग आठपर्यंत काही हलत नाही.

म्हणजे मोकळं नेट फक्त चार ते साडेचार. सगळं गाव थांबलेलं असतं तेव्हा.

फोटो चारच आहेत. दोन-तीन मिनिटांचं काम. इतक्याशानं काय अडणार?

थकलेय. फार थकलेय.

१८ जुलै, संध्याकाळ

राजवर्धनला कळवलं — फोटो येत नाहीत, जागा दुसऱ्याला दे.

दादाच्या मागं उभी राहून, पदराआड दुसऱ्या फोनवरून पाठवत होते. पहिला गेला. दुसरा निम्म्यावर असताना मॅडमचा चेहरा थिजला. दादानं पडद्याकडं पाहिलं, मग हळूच मान वळवून माझ्या हाताकडं. चांगला हात उचलून त्यानं माझा फोन पालथा घातला.

"न्हाय," म्हणाला. "माझी पाळी हाय."