बाबांची खुर्ची

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तू मध्येच ‘बरं बरं’ म्हणतोस आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत ठेवून देतोस. शिवाय हे तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही.

बाबांनी प्रार्थनाघराच्या भिंती कशा कोऱ्या ठेवल्या होत्या, आठवतं ना? चित्र नाही, मूर्ती नाही, देणगीदाराच्या नावाची पाटीसुद्धा नाही. रंगवाल्याने हौसेने कोपऱ्यात एक फूल काढलं, तर बाबांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्याच हातानं ते पुसायला लावलं. इथे मान झुकेल ती ज्याला आकार नाही त्याच्यापुढेच, असं म्हणायचे. ते होते तोवर त्यांच्या पाया पडायची कोणाची टाप नव्हती. आणि त्यांना जाऊन वर्ष होत नाही तोच काय होऊन बसलंय ते ऐक.

त्यांचे गुडघे गेल्यावर प्रार्थनेला बसायला तू खुर्ची करून दिलीस, उंच पाठीची, चष्मा ठेवायला डावा हात जरा रुंद. ते गेल्यानंतर पहिल्याच प्रार्थनेला कोणी एक पाहुणा खुशाल तिच्यावर बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दोन्ही हातांना आडवी दोरी बांधली आणि बैठकीवरच्या उशीवर त्यांचा चष्मा ठेवला. एवढंच केलं मी. पण दोरी दिसली की माणसं वाकतात, हे मला कुठे ठाऊक होतं? आधी एका म्हातारीने खुर्चीला हात लावून कपाळाला लावला. मग फुलं आली. मग लोक बाकंच तिच्याकडे तोंड करून मांडायला लागले. मी कमिटीच्या अध्यक्षांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, अहो, गर्दी दुप्पट झालीये, तुमच्या वडिलांचाच मान आहे हा. आता त्यांनी काचेची पेटी करायला टाकलीये. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला खुर्ची तिच्यात बसून मधोमध चौथऱ्यावर चढणार.

ते मी एक वेळ सोसलं असतं. पण आपल्या गल्लीतली इस्त्रीवाली आहे ना, तिच्या मुलीला फिट येतात. महिनाभर ती रोज मुलीचं डोकं त्या उशीवर टेकवत होती आणि गोळ्या तिने बंद केल्या होत्या. मंगळवारी पोर प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवरच कोसळली. कपाळाला सात टाके. दोन दिवस शुद्ध नव्हती, काल तिने डोळे उघडले. डॉक्टर आईवर ओरडत होते आणि ती बाई माझ्याकडे बघत होती. मला म्हणाली, ताई, तुम्हीच तर रोज सकाळी तिथे हात जोडून उभ्या असता, म्हणून मला वाटलं.

खरं आहे रे ते. झाडायला सगळ्यांच्या आधी मीच जाते. खुर्ची पुसता पुसता बाबांशी बोलते, घरचं सगळं सांगते आणि निघताना हात जोडते. आधी नुसती आठवण म्हणून करत होते. आता एक दिवस चुकला तर भीती वाटते, आज काहीतरी वाईट होणार अशी. बाबांची मुलगी मी, आणि माझी ही तऱ्हा! काल दवाखान्यातून थेट तिथे गेले, दोरी कापली आणि खुर्चीवर बसायला गेले. एकदा नाही, तीनदा. गुडघे वाकले, पण बसायला नाही, टेकायला. फरशीवर बसून पोटभर रडले आणि निमूट नवी दोरी बांधून घरी आले.

म्हणून हे लिहितेय. एक तारखेच्या आत ये आणि करवत घेऊन ये. खुर्ची तुझ्या हातची आहे, सांधे कुठे सुटतात ते तुला माहीत. अध्यक्षांना काय सांगायचं ते मी बघते. मला भीती त्यांची नाहीच. ऐन वेळी मीच आडवी येईन, रडेन, बाबांची शपथ घालीन. माझं काही ऐकू नकोस. मला हाताला धरून बाजूला कर आणि काप.

तुझीच,
ताई