तीन राजांच्या किल्ल्या

सर्व संतांचा सण

राजा येतोय! संत मार्टिनच्या सणाला, दहा दिवसांनी, आपल्याच गडावर. नवा राजा, मिसरूडही न फुटलेला. माझ्या नवऱ्याच्या, किल्लेदार एकेहार्टच्या, नोकरीतला तिसरा.

रीत तीच. दारात किल्लेदाराने किल्ल्या राजाच्या हाती द्यायच्या, मग मशाल धरून त्याला वर खोलीपर्यंत न्यायचं. निघताना राजा किल्ल्या परत देतो. नाही दिल्या, तर त्याच दिवशी बिऱ्हाड हलवायचं.

आणि एकेहार्टला दिसत नाही. गेल्या हिवाळ्यापासून अजिबात नाही. त्याला ठाऊक, मला ठाऊक. बस.

सोमवार

राजाचा कारभारी रूपेर्ट खोल्या बघायला पुढे आलाय. त्याला इथे आपला मेहुणा किल्लेदार म्हणून बसवायचाय. "किल्लेदार, माझ्याकडे बघून बोला की!"

एकेहार्ट म्हणाला, "तुमच्यात बघण्यासारखं काय आहे?"

मी हसू दाबलं. रूपेर्ट मात्र हसला नाही.

मंगळवार

सणाच्या जेवणासाठी हंस सोलले. पिसं घरभर. एकेहार्टचं नाक सर्दीने चोंदलेलं.

पहिला, थोरला राजा आठवला — भाजलेल्या हंसाच्या वासानेच घोड्यावरून उडी टाकायचा. "किल्लेदार, आधी जेवायला घाल, किल्ल्या मग दे!" तंगडी हातात घेऊनच जिना चढायचा. पुढे एकेहार्ट, मशाल घेऊन, ताठ. मी तेव्हा मठातून नुकती शिकून आलेली. लॅटिन तोंडपाठ, चूल पेटवता येत नव्हती! दोघांच्या सावल्या भिंतीवरून वर वर जाताना बघत उभी राहायची. काय माणसं होती!

पुरे. मीठ काढायचंय.

संत मार्टिनचा दिवस

सगळं नीट झालं — जिन्यापर्यंत. तिथे खिडकी नाही, भर दुपारी काळोख. मी सगळ्यांच्या मागे. पहिल्याच वळणावर दारातून आलेल्या वाऱ्याने मशाल विझली. एकेहार्टला कळलंच नाही! विझलेलं लाकूड उंच धरून चढत राहिला. "महाराज, इथे डोकं सांभाळा. ही पायरी झिजलीय हं."

मागून रूपेर्ट खिदळला, "महाराज, हा म्हातारा —"

"गप्प," राजा म्हणाला.

वर दाराच्या उजेडात पाहिलं. राजाच्या मुठीत एकेहार्टच्या झग्याचं टोक होतं.

खाली आल्यावर मशाल विझल्याचं एकेहार्टला सांगितलं. मी पेटारा भरायला घेतला.

दुसरा दिवस

राजा निघाला. एकेहार्टने ओंजळ पुढे केली. राजाने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या! "मशाल ह्या धरतील, किल्लेदार. वाट तुम्ही सांगा."

एकेहार्टने खुळखुळ ऐकली. हात खाली घेतले. घोडे लांब गेले.

मग म्हणाला, "किल्लेदारीणबाई, आधी जेवायला घाला!"