तंबू, शाळा आणि माझे कान

१४ जुलै ९६, रविवार
नानांनी आज स्पष्टच सांगितलं. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आलाय. तो बासरी काढतो, सनई काढतो, गिटारही काढतो. "दिनू, तुझ्या गिटारीनं टेम्पोत नुसती जागा अडून राह्यली." अठरा वर्षं या माणसाच्या मागे उभं राहून वाजवलं. भांडलो नाही. एवढंच मागितलं की एकदा एक आयटम माझा एकट्याचा. पाच मिनिटं. गाणं नाही, नुसती गिटार. माझं समुद्रवालं.
नाना हसले. मग म्हणाले, एक डिसेंबरला तुझ्या चुलतभावाच्या पोरीचं लग्न आहे ना कुंभार पिंपळगावला, ऑर्डर आपलीच आहे. तिथे वाजव. लोकांनी ऐकलं तर राहा, नाही तर राम राम.
म्हणजे साडेचार महिने.
मनगटी घड्याळाचा तासाचा बीप बंद पडलाय. सेल बदलणे.

१७ जुलै
मिलमधली पहिली पाळी करून आलो, रेकॉर्ड काढली. मिशन दवाखान्यातला परदेशी डॉक्टर गाव सोडताना सामान वाटून गेला. बाबा तिथे माळी, त्यांच्या वाट्याला ही आली. मला सतरावं होतं. लेबल खरवडलेलं, नाव-गाव काही नाही. त्या डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं होतं की त्यांच्या मुलखात पोरं फळीवर उभी राहून समुद्राच्या लाटांवरून घसरतात, त्यांचं हे संगीत. समुद्र मी पाहिलेला नाही. घाणेवाडीचा तलाव पाहिलाय, तोही उन्हाळ्यात. पण ती गिटार! तार छेडली की काच तडकल्यासारखी सुरुवात, आणि मागून ओला, थरथरणारा आवाज लांबपर्यंत. बावीस वर्षं तो डोक्यात आहे. एकदा, फक्त एकदा तो माझ्या हातून माणसांसमोर निघावा. नंतर नानांनी टेम्पोतून काय, गावातून काढलं तरी चालेल.
आज रेकॉर्ड मिळमिळीत वाटली. सुई झिजली असणार.

२८ जुलै, रविवार
ऑर्केस्ट्राच्या ट्रान्झिस्टरवाल्या अँप्लिफायरमधून तो आवाज बापजन्मी निघणार नाही. व्हॉल्व्हच पाहिजेत, जुने, काचेचे, तापून लाल होणारे. युनूसभाईंकडे गेलो. साठी उलटलेला रेडिओ मिस्त्री, सगळी लाईन टीव्हीकडे गेली तरी हे व्हॉल्व्ह पुसत बसलेत. दोन मशिनी दाखवल्या.
एक, भोकरदनच्या बंद पडलेल्या तंबू टॉकीजचा अँप्लिफायर. तपकिरी, मणभर वजन, मागे जाडजूड दोन व्हॉल्व्ह. दुसरा, कुठल्याशा शाळेच्या फिल्म दाखवायच्या प्रोजेक्टरचा. लहानसा, व्हॉल्व्हही करंगळीएवढे. इथे लिहिताना एकाला तंबू म्हणेन, दुसऱ्याला शाळा.
"भाऊ, तंबू न्या," युनूसभाई म्हणाले. "कित्ता बी मोठा करा, फाटनार न्हाई. शाळेचं लेकरू जल्दी रडतं."
तंबू आणला.

११ ऑगस्ट, रविवार
युनूसभाईंनी 'पाणी' करून दिलं. पत्र्याच्या लांब डब्यात पडद्याच्या दोन जुन्या स्प्रिंगा ताणल्यात, एका टोकाला छोटा स्पीकर, दुसऱ्याला रेकॉर्ड प्लेयरचं हेड. गिटारीचा आवाज स्प्रिंगांतून थरथरत जातो आणि ओला होऊन निघतो. डब्याला टिचकी मारली तर ढगफुटी. वा युनूसभाई!
पण तंबू मंद आहे. ओला आहे, मोठा आहे, आणि गोधडीत गुंडाळल्यासारखा आहे. काच कुठाय?

१८ ऑगस्ट
ट्रेबलचं, म्हणजे आवाजाच्या धारेचं, बटन शेवटपर्यंत. तरी मंद. युनूसभाईंनी कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला. प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं. शेवटी ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवाज बराबर हाय, दिनकरभाऊ." मी म्हटलं, बराबर असता तर मी रविवारी इथे कशाला आलो असतो? जरा जास्तच बोललो.

१ सप्टेंबर, रविवार
निकाल लावला. तंबू परत, शाळा घरी. शाळेत निदान थोडी धार आहे. युनूसभाईंना सांगून ट्रेबल अजून वाढवून घेतला. ते नको नको म्हणत होते. आता ऐंशी टक्के जमलंय. नाचावंसं वाटलं. लग्नाला अजून तीन महिने आहेत.

८ सप्टेंबर
वाजवायला बसलो की शोभा शेजारी निघून जाते. आज म्हणाली, "अहो, दाढा शिवशिवतात माझ्या. पत्र्यावर खिळा ओढून राह्यले काय तुम्ही?" शेजारचा कुत्राही ओरडतो म्हणे. मी म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय. तिने भांडी आपटली. तीही नीट ऐकू आली नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

९ सप्टेंबर
कालचं शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

६ ऑक्टोबर, रविवार
घड्याळात तिसरा सेल. दुकानदार वैतागला. घड्याळ कानाला लावून म्हणाला, "वाजून राह्यलं की राव."
घरी आलो. शोभाला समोर बसवलं, घड्याळ टेबलावर ठेवून बीपचा गजर लावला. म्हटलं, वाजला की बोट वर कर. ती हसत होती, हा काय पोरखेळ म्हणून. मग तिचं बोट वर गेलं. मी वाट बघत होतो. तिने हसणं थांबवलं. बोट वरच. घड्याळ वाजत होतं आणि मला पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.
"अहो," ती म्हणाली, "अजून वाजून राह्यलं."

७ ऑक्टो.
म्हणजे रेकॉर्डची सुई झिजली नव्हती. तंबूत खोट नव्हती. गोधडी माझ्या कानांत. दोन महिने मी चांगल्या मशिनी नापास करत बसलो होतो.

१५ ऑक्टोबर
औरंगाबादला कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत हेडफोन. नंतर कागदावरची रेघ दाखवली. सरळ चालते आणि मग बारीक, उंच आवाजांपाशी विहिरीत पडते. "काय काम करता?" रोलिंग मिल. पंधरा वर्षं, तापलेल्या सळ्यांच्या शेजारी. "कानांत बोळे?" डॉक्टर, तिथे बोळे घालणाऱ्याला हसतात. मीही हसायचो. नस गेली आहे म्हणाले, औषध नाही, गेलेलं येणार नाही. उरलेलं सांभाळा. मिल सोडा. असं सांगतात जसं काही चप्पल सोडायची आहे.
परतीच्या यष्टीत बदनापूर कधी गेलं कळलं नाही. मला तो एकच आवाज पाहिजे होता, आणि नेमका तोच भाग गेला. ढोलकी ऐकू येईल, नानांच्या शिव्या ऐकू येतील. काच नाही.

२० ऑक्टो., रविवार
पाच दिवस गिटारीला हात नाही. आज युनूसभाईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "शक आल्ता भाऊ. तंबूत सुई पडल्यावानी साफ वाजत होतं, अन् तुम्ही मंद म्हणत होते."
"मंग बोलले का न्हाई?"
"वाजवनाऱ्या मानसाला कसं बोलायचं ते. जबान न्हाई उठली."
राग आला, पण कुणाचा ते कळेना. तंबू कुठाय विचारलं. तो त्यांनी जाफराबादच्या एका मंडपवाल्याला दिलाय.

२७ ऑक्टोबर, रविवार
शाळा मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमध्ये जाफराबाद. मंडपवाल्याने तंबूवर सुपाऱ्या वाळत घातलेल्या! म्हटलं, अदलाबदल करता का. शाळा लावून दाखवली. तो खूश. "ह्याचा आवाज तीन गल्ल्या चिरत जातो राव, दवंडीला एक नंबर!" माझ्या तीन महिन्यांच्या मेहनतीचं सार्थक झालं म्हणायचं.
तंबू घरी. लावला. गोधडी.

३ नोव्हेंबर, रविवार
शोभापुढे हात जोडले. खरोखर जोडले. आता तुझे कान. तिला गिटारीतलं काही कळत नाही, ती तसं म्हणालीही. मी म्हटलं, भाजीत मीठ कमी की जास्त ते तर कळतं?
रेकॉर्ड तीनदा ऐकवली. मग मी एकच सूर वाजवत राहिलो आणि ती बटन फिरवत राहिली. "हां... न्हाई, फोडणी जळली. आता पानचट. आता... थांबा." चेहरा बदलला तिचा. "आता तसंच वाजून राह्यलं. काच की काय म्हणता ते." बटन निम्म्याच्याही खाली होतं! तिने नखाच्या रंगाने तिथे लाल ठिपका दिला.
मला तिथे काहीच ऐकू येत नाही काचेचं. पण तिला आलं. बावीस वर्षांनी तो आवाज माझ्या घरात वाजला आणि मी सोडून सगळ्यांनी ऐकला. शेजारचा कुत्रासुद्धा गप्प होता. मोरीत जाऊन रडलो.

२४ नोव्हेंबर
मांडवात आवाज वेगळा लागतो. माणसं, कापड, कनाती. घरचा ठिपका तिथे चालेलच असं नाही. तिथे मला सांगणार कोण? शोभा पुढे बसणार. हात वर कर म्हटलं तर म्हणाली, "अख्खी भावकी बघंल. त्यापेक्षा पदर. आवाज कानाला टोचला की मी डोक्यावर पदर घेईन, तुम्ही कमी करा. बराबर झाला की खाली." पदराकडे कोण बघतंय! हुशार आहे. मला आधी का नाही दिसलं?

१ डिसेंबर, रविवार. कुंभार पिंपळगाव
लिहिवत नाही.

२ डिसेंबर
लिहितो. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, नानांनी माईकवर नाव घेतलं. तंबू माझ्या उजव्या हाताशी. शोभा बायकांत, पहिल्याच रांगेत. पदर खांद्यावर. सुरुवात केली. पंगतीतल्या दोघा-तिघांनी घास थांबवून वर बघितलं. एका म्हाताऱ्याने मान डोलावली, मी पाहिली. हात आपोआप चालत होते. वाटलं, जमलं दिनकरराव.
आणि पदर डोक्यावर गेला.
बटन थोडं कमी केलं. पदर तसाच. अजून कमी केलं. तसाच. ती डोळे मोठे करत होती, मला वाटलं फारच टोचतंय. बटन पार शून्यावर. पदर डोक्यावरच. उरलेली तीन मिनिटं मी काय वाजवलं देव जाणे. पंगत मठ्ठा वाढा, मठ्ठा वाढा करत होती.
नाना: "गिटार बंद पडल्ती का रे मधीच?"
मागे जाऊन शोभावर ओरडलो. पोरीच्या लग्नात, चार बायकांसमोर. ती म्हणाली, "आबा येऊन बसले ना समोर. चुलत सासरे! त्याह्यच्या समोर बोडक्या डोक्यानं बसू का मी?"
आबांच्या मानाचा पदर. ट्रेबलचा नव्हता. सून म्हणून नांदायला आल्यापासून ती आबांसमोर पदर घेते, हे मला माहीत नव्हतं का? आबा लग्नाला येणार हे माहीत नव्हतं का? आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. येतानाच्या जीपमध्ये ती बोलली नाही. बोलली असेल तरी मला...

५ डिसेंबर
तिची माफी मागितली. "मला काय, म्या ऐकला होता पहिला एक मिनिट," म्हणाली. "लई चांगलं वाजत होतं. घरच्यापेक्षा बी." एक मिनिट. ते कसं होतं हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारतो आणि ती भाजी निवडता निवडता पुन्हा पुन्हा सांगते. मला पुरत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.
मिलमध्ये गोंगाटापासून लांब, वजनकाट्यावर बदली मागितली. साहेब म्हणाले, बघू.

१५ डिसेंबर, रविवार
नाना दारात. कीबोर्डवाल्याच्या बहिणीचं लग्न निघालंय, बावीस तारखेच्या भोकरदनच्या कार्यक्रमाला माणूस कमी. "ये एकदा. तुझं ते पाच मिनिटांचं बी वाजव, पण ह्या वक्ताला शेवटचं. बंद पडलं तर मी स्वतः टेम्पोतून उतरवीन." तंबूचं माहेर भोकरदनच.
मी नाही म्हणणार होतो. आतून शोभाच म्हणाली, "येतील ते."

१९ डिसेंबर
पदर रद्द. खूण कुठलीच नको, ती म्हणते, ती स्वतः स्टेजवर बसणार, तंबूच्या शेजारी, बटनावर हात ठेवून. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर आमच्या घरची बाई! म्हटलं, भोकरदनला भावकी निम्मी आहे. लोक काय म्हणतील? आबा आले तर?
"येऊ द्या. पदर बी घेईन अन् बटन बी फिरवीन."
मला हसू आलं आणि लगेच भीती. काट्यावरच्या बदलीचं अजून काही नाही. आज पाळीवर पहिल्यांदा कानांत बोळे घातले, सगळे हसले. संध्याकाळी तालीम. मी वाजवत होतो, गोधडीच्या आतून, आणि ती बटनावर वाकलेली, ओठ घट्ट मिटून, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी. मध्येच तिने माझ्या हातावर हात ठेवला. चुकलं का काही, विचारलं.
"न्हाई. सात वाजले. घड्याळ वाजलं तुमचं."
मी घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.